आईला भूतानच्या दारापर्यंत न्यायचं असेल तर

माझं नागपूरला इंदोऱ्यात झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, जातीचा दाखला, सातबारा, मार्कशीट असे लोकांचे कागद दिवसभर माझ्या काचेवर उपडे पडलेले असतात आणि ‘ओरिजिनल सोबत ठेवा भाऊ’ हे मी दिवसातून पन्नासदा म्हणतो. असा मी, २०२३च्या डिसेंबरात भूतानच्या दारातून, म्हणजे सीमेवरच्या फुंटशोलिंग गावाच्या नाक्यावरून, परत पाठवला गेलो. खिशात आधार कार्ड होतं, तेही घरचंच लॅमिनेशन केलेलं. काउंटरवरच्या मुलीनं ते दोन्ही बाजूंनी बघितलं, गोड हसली आणि माझ्या हातात परत ठेवलं. भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही एवढं मी वाचलं होतं. त्याच्या खालची ओळ वाचली नव्हती. पासपोर्ट चालतो, नाहीतर मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, लायसन यातलं काहीच नाही.

ती दुपार मी जयगावच्या, म्हणजे सीमेच्या अलीकडच्या आपल्या गावातल्या, लॉजच्या गच्चीवर काढली. खाली जीपवाले, रिक्षा, कांद्याचे ट्रक, हॉर्नचा कल्ला. आणि पलीकडे, दगड मारला तर पोचेल इतक्या अंतरावर, रंगीत खिडक्यांची घरं आणि रस्ता ओलांडणाऱ्या बाईसाठी थांबलेली गाडी. गाव दिसत होतं, पण जाता येत नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे: आज रात्रीच मतदार कार्ड शोधा. मूळ कार्ड पाहिजे, झेरॉक्स नको आणि मोबाइलमधला फोटो तर नकोच. हे मी म्हणतोय, ज्याचं पोट झेरॉक्सवर चालतं. कार्डावरचं नाव वाचून घ्या. माझ्या आईच्या कार्डावर आडनावात एक अक्षर जास्तीचं होतं. ते दुरुस्त करून नवीन कार्ड हातात येईपर्यंत थांबावं लागलं. मुलं सोबत असतील तर त्यांचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट घ्या. पासपोर्ट साइझचे चार फोटो पाकिटात टाका, विचार बदलून पुढे थिंफूला, भूतानच्या राजधानीला, जायचं ठरलं तर परमिटला लागतील.

आता जायचं कसं. नागपूरहून फुंटशोलिंगला थेट काही नाही. दुसऱ्या वेळी आई आणि मी गीतांजली एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालो, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. तिथून सियालदह स्टेशन गाठायचं. पूर्वी त्यासाठी हावडा पुलावरच्या ट्राफिकमध्ये टॅक्सीत बसून घाम गाळावा लागे. ऑगस्ट २०२५पासून मेट्रो थेट जाते, हुगळी नदीच्या खालून. आईला सांगितलं, आता आपल्या डोक्यावर नदी आहे, तर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. सियालदहहून रात्रीची कांचनकन्या एक्सप्रेस. ती सकाळी उशिरा हासिमाराला सोडते. विमानानं जाणारे बागडोगऱ्याला उतरतात, पण तिथून पुढे चारेक तास गाडीतच जातात आणि हासिमाराच्या वाटेवरची सकाळ हुकते ती हुकतेच.

सिलिगुडी सुटलं की डाव्या हाताच्या खिडकीशी बसा. सेवकजवळ तिस्ता नदी येते, मग जंगल, मग चहाचे मळे आणि मळ्यांच्या मागे भूतानचे डोंगर. या पट्ट्याला डुआर्स म्हणतात, म्हणजे दारं. डोंगरातून मैदानात उतरणाऱ्या अठरा वाटा होत्या, त्या अठरा दारांवरून हे नाव. आधी हा मुलूख भूतानकडे होता. १८६४-६५च्या युद्धानंतर सिंचुलाच्या तहात इंग्रजांनी तो घेतला आणि बदल्यात भूतानला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम द्यायचं कबूल केलं. म्हणजे भूतानच्या दारात तुम्ही फुंटशोलिंगच्या सीमेवरच्या कमानीच्या कितीतरी आधी, गाडीत चहा पितानाच पोचलेले असता. जंगलातून गाडी हळू जाते, रुळांवर हत्ती येतात म्हणून. उशीर झाला तर कुरकुर करू नका.

हासिमाराहून जयगाव अठराएक किलोमीटर. स्टेशनबाहेर शेअर गाड्या मिळतात. राहायचं जयगावात, स्वस्त पडतं. मात्र बाजाराकडची खोली घेऊ नका. मी दोन्ही वेळा घेतली आणि दोन्ही वेळा पहाटे पाचला उठलो.

पैशांचं सांगतो. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. सप्टेंबर २०२२ला, कोविडनंतर गेट उघडलं, तेव्हापासून हे आहे. पण आम्ही गेलो तेव्हा फुंटशोलिंगच्या ठरलेल्या हद्दीत चोवीस तासांपर्यंत ते लागत नव्हतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला एक रुपया नाही. आमच्यासारख्यांना, ज्यांना आठ दिवसांचं भूतान परवडत नाही आणि एकाहत्तर वर्षांच्या आईला घाटात उलट्या करायला लावायच्या नाहीत, त्यांना याहून चांगला सौदा नाही. टूरवाले मात्र या गावाला रांगेपुरतं ठेवतात. परमिटचा शिक्का बसला की ‘चला चला, थिंफू लांब आहे’. आमच्या गल्लीतली दोन कुटुंबं सगळं भूतान फिरून आली, पण फुंटशोलिंगचं विचारलं तर त्यांना तिथलं शौचालय तेवढं आठवतं.

नोटा शंभराच्या आणि त्याखालच्या घ्या. भूतानचा ङुल्ट्रुम आणि आपला रुपया बरोबरीला बांधलेले आहेत, आपली नोट तिथे सरळ चालते. उलटं मात्र नाही. त्यांची नोट जयगावात घेतील, नागपुरात ती पुस्तकात ठेवायच्या कामाची. यूपीआय २०२१पासून भूतानमध्ये सुरू झालं आहे, तरी त्याच्या भरवशावर राहू नका. मोबाइलचं रोमिंग बंद करा, आपलं नेटवर्क गावात बऱ्यापैकी येतं.

रोमिंगवरून घड्याळाचं आलं. भूतान आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण थंडीत तिथल्या सरकारी कचेऱ्या चारला बंद होतात, म्हणजे आपल्या साडेतीनला. आणि शनिवार-रविवार सुट्टी. माझ्या फोननं तिकडचं नेटवर्क पकडलं होतं, आईच्या फोननं इकडचं. एकाच बाकावर बसून आम्ही जेवायची वेळ झाली की नाही यावर भांडलो. घड्याळ हातानं पुढे करा आणि दिवसभर तसंच ठेवा.

गाड्या कमानीतून जातात, पायी जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे. ओळखपत्र दाखवायचं, नोंद होते, बाहेर पडलं की देश बदललेला. पहिल्या मिनिटात कळतं ते कानांना. आई चार पावलं चालली आणि थांबली.

‘काऊन रे, आज बंद हाय का गाव?’

‘नाही ना, सगळी दुकानं उघडी आहेत.’

‘मंग हॉर्न कोणीच नाही वाजवून राह्यलं?’

झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबते. आईचा विश्वासच बसेना. ती हात दाखवत, अर्धी धावत गेली, जसं आपण कामठी रोड ओलांडतो. ड्रायव्हर हसत होता. मग तिला त्याची गंमत वाटायला लागली आणि काही काम नसताना तिनं तो रस्ता तीनदा ओलांडला.

खर्रा खाणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांत ते असणारच. पन्नीत घोटलेला खर्रा जयगावच्या लॉजवरच ठेवा. भूताननं २००४मध्ये तंबाखूविक्रीवर बंदी घातली, २०१०मध्ये कायदा आणखी कडक केला आणि २०२१मध्ये विक्री पुन्हा उघडली. तरी चारचौघात तंबाखू चालत नाही आणि थुंकणं तर नाहीच. त्यांच्याकडे डोमा खातात. आंबवलेली ओली सुपारी, पान, चुना. वास असा की आपल्या पानठेल्यावर चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूसही मागे सरकेल. मी एक खाल्ला. कान गरम झाले, कपाळाला घाम सुटला. दुसरा घेतला नाही.

गावाच्या मधोमध झांगतो पेल्री ल्हाखांग आहे. ल्हाखांग म्हणजे देऊळ. गुरू रिंपोछे, म्हणजे पद्मसंभव, यांच्या स्वर्गाची ही प्रतिकृती. भोवती बाग, बाकडी, प्रार्थनाचक्रं. चक्रं उजव्या हातानं फिरवायची आणि प्रदक्षिणा आपल्यासारखीच, देऊळ उजव्या हाताला ठेवून. आत जाताना चपला बाहेर, टोपी खाली, फोटो नाही. आम्ही दीक्षाभूमीला वाढलेली माणसं. आईनं आयुष्यभर पांढरी साडी, मेणबत्ती आणि शांत डोळ्यांचा बुद्ध बघितलेला. इथे आत गेल्यावर चटक रंग, लोण्याच्या दिव्यांचा वास आणि समोर डोळे वटारलेली मूर्ती.

‘हा मिशीवाला कोण होय?’

मी सांगितलं, आठव्या शतकात यांनी इकडे धम्म आणला.

‘मंग बुद्ध कुठं हाय?’

बुद्धाची मूर्ती सापडल्यावर ती खाली बसली, डोळे मिटले आणि तिच्या नेहमीच्या सुरात त्रिसरण म्हटलं. बुद्धं सरणं गच्छामि. शेजारी माळ ओढत बसलेली एक म्हातारी, कमरेला किरा, म्हणजे तिथल्या बायकांचं लुगडं, हातात काठी, तिनं माळ थांबवली. शब्द तिला कळले नसावेत, एक ‘बुद्ध’ सोडून. आईचं संपल्यावर तिनं पिशवीतून मूठभर झाव काढले आणि आईच्या ओंजळीत घातले. झाव म्हणजे भाजलेले तांदूळ, आपल्या मुरमुऱ्यांचे कडक भाऊ. आईनं पर्समधून आमसुलाची गोळी काढून दिली. दोघी बाहेर बाकावर अर्धा तास बसल्या, काय बोलल्या देव जाणे. ‘ला’ हे अक्षर आदराचं, आपल्या ‘जी’सारखं, एवढं मी तिला शिकवलं होतं. नमस्कार म्हणजे कुझुझांगपो ला, आभार म्हणजे काडिनचे ला. आईनं सगळ्या वाक्यांना ‘ला’ लावलं. ‘बसा ना ला.’ चाललं.

या देवळाला निदान दीड तास द्या. दहा मिनिटांत फोटो काढून निघालात तर येऊ नका.

दुपारी टॅक्सी करून खरबंदी गोम्पा बघता येतो, चारेक किलोमीटर वर, रिनचेंडिंगला. टॅक्सीवाल्याला आधीच विचारा, कारण तिथल्या नाक्यापलीकडे परमिट लागतं. राजघराण्यानं १९६७मध्ये बांधलेला मठ. आवारात आठ वेगवेगळ्या घडणीचे चोर्तेन, म्हणजे स्तूप. खाली तोर्षा नदीचं रुंद, पांढरं पात्र आणि त्यापलीकडे बंगालचं सपाट मैदान. मगरींचं केंद्रही गावात आहे. मुलं नसतील तर सोडा.

जेवणात एमा दात्शी मागवा. मिरची आणि चीज, बस. मिरची मसाला म्हणून नसते, तीच भाजी असते, वाटीभर. सावजीची तर्री पिणारा मी, भीत नव्हतो. सावजी घशात लागतं, हे कानामागे लागतं. सोबत लाल भात घ्या, त्यानं उतरतं. तिखट न खाणाऱ्यांना केवा दात्शी, म्हणजे बटाट्याचं. बाजारात याकच्या दुधाचे वाळवलेले चौकोनी तुकडे दोरीत ओवून टांगलेले दिसतात. त्याला छुगो म्हणतात. तो चावायचा नसतो, तासभर गालात धरायचा असतो. कवळीवाल्यांनी तिकडे बघूही नये. आईनं बघितलं. संध्याकाळी कवळी रुमालात आणि छुगो माझ्या खिशात.

थंडीत गेलात तर संत्री दिसतील. भूतानच्या दक्षिण भागातली संत्री याच गावातून बाहेर, बांगलादेशापर्यंत जातात. नागपूरच्या माणसानं परक्या गावात संत्रं खाऊन नाक मुरडलं नाही तर तो नागपूरचा कसला. आईनं फोड तोंडात टाकली, बी थुंकायला कागद शोधला आणि म्हणाली, ‘आंबट हाय. पण साल चांगली सुटते.’ तिच्याकडून याहून वरचं प्रमाणपत्र मिळत नाही.

कपड्यांचा बाऊ नको. फुंटशोलिंग नागपूरइतक्याच उंचीवर आहे, तीनशे मीटरच्या आसपास. भूतान म्हणून लोक कानटोप्या भरतात आणि मग हातात घेऊन फिरतात. एक स्वेटर पुरे. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. डुआर्सचा पाऊस आपल्या पावसासारखा नाही, आणि वरच्या घाटात दरडी कोसळतात.

पोस्ट ऑफिसला जरूर जा, चारच्या आत, त्यांच्या चारच्या. भूतानचं पहिलं पोस्ट ऑफिस १९६२मध्ये याच गावात उघडलं. घाटातला रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेनं ‘दंतक’ प्रकल्पात बांधला, तोही साठीच्याच दशकातला. त्याआधी १९५८मध्ये नेहरू भूतानला गेले ते नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून. तिकिटांसाठी भूतान जगभर प्रसिद्ध आहे, कार्ड आणि तिकीट दोन्ही घ्या आणि तिथल्या तिथे टाका. आईला म्हटलं, मावशीला लिही. तिनं स्वतःचाच पत्ता लिहिला, इंदोरा, नागपूर, आणि मजकुरात तीन शब्द: ‘मी पोचली हाय.’

कार्ड आम्ही घरी आल्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. पोस्टमननं दुकानात आणून दिलं. आईनं तिकिटावरून बोट फिरवलं आणि दोन्ही बाजूंची कलर झेरॉक्स काढायला सांगितली, पाच प्रती, नातेवाइकांना द्यायला. मी लॅमिनेशनचं विचारलं, तर ओरिजिनल माझ्या हातातून काढून घेतलं.