ॲनिमेचा ट्रेलर पाहून फसायचं नसेल तर या चुका टाळा

जपानी ॲनिमेशनपटाचा ट्रेलर आला की ग्रुपवर दहा मिनिटांत निकाल लागतो. एकतर ‘ॲनिमेशन गंडलंय’, नाहीतर ‘मास्टरपीस!’ दोन्ही घाईचे, कारण ट्रेलर बनतो तेव्हा चित्रपट बऱ्याचदा पूर्णच झालेला नसतो.

पहिल्या झलकेवरून दर्जा ठरवणं

तिकडे आधी येतो ‘तोकुहो’, म्हणजे अगदी छोटी झलक. नेहमीचा ट्रेलर, ‘योकोकु’, नंतर. ‘सुझुमे’ची झलक एप्रिल २०२२ मध्ये आली आणि चित्रपट लागला ११ नोव्हेंबरला. तोकुहो कापणाऱ्याच्या हाताशी रंगकाम आटोपलेले किंवा खास त्याच्यासाठी आधी उरकून घेतलेले मोजके कट, म्हणजे दृश्यांचे तुकडे, असतात. संवादांचं रेकॉर्डिंगही सहसा उशिरा होतं, म्हणून कितीतरी तोकुहोंमध्ये नुसतं संगीत आणि पडद्यावर अक्षरं. ज्येष्ठ दिग्दर्शक हयाओ मियाझाकी तर स्टोरीबोर्ड (चित्रांमधला चित्रपटाचा आराखडा) पूर्ण व्हायच्या आधीच ॲनिमेशन सुरू करतात. शेवट कागदावरही नसताना ट्रेलरवाल्याने दाखवायचं काय? तेव्हा मागची गर्दी थिजलेली दिसली, सावल्या सपाट वाटल्या, तर लगेच स्टुडिओच्या नावाने खडे फोडू नका. योकोकु आल्यावर तोच कट पुन्हा पाहा.

ट्रेलरमधलं दृश्य म्हणजे वचन समजणं

यात ‘इव्हँगेलियन’ या चित्रपटमालिकेच्या चाहत्यांचे हात सगळ्यात जास्त पोळलेत. २००९ च्या ‘२.०’च्या शेवटी पुढच्या भागाची झलक होती: कथेतल्या ‘नर्व’ या संघटनेची माणसं कैदेत, किल्ल्यासारखं ते शहर ओस पडलेलं. चाहत्यांनी त्यावर तीन वर्षं तर्क लढवले. २०१२ मध्ये ‘३.०’ लागला तो थेट चौदा वर्षं पुढे उडी मारून, आणि झलकेतलं बरंचसं त्यात नव्हतंच! असुका या पात्राच्या डोळ्यावरची पट्टी तेवढी खरी निघाली. फ्रेम थांबवून कथानक जुळवायची मजा जरूर घ्या, पण त्यावर पैज लावू नका.

ट्रेलर गप्प आहे म्हणजे चित्रपट पडणार, असं धरून चालणं

‘द फर्स्ट स्लॅम डंक’च्या वेळी कथा जवळजवळ झाकून ठेवली होती. त्यात जुन्या ‘स्लॅम डंक’ टीव्ही मालिकेतले आवाज बदलल्याचं जाहीर झालं नोव्हेंबर २०२२ मध्ये, तेही आगाऊ तिकिटं विकायला काढल्यानंतर. चाहते भडकले, आणि तो राग मला रास्तच वाटतो. डिसेंबरात चित्रपट लागला आणि जपानमध्ये १५०० कोटी येनच्या वर गेला.

पुढच्या वर्षी मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी कहरच केला. मियाझाकींचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ १४ जुलै २०२३ ला लागला तो एका पोस्टरवर. ट्रेलर नाही, टीव्हीवर जाहिरात नाही. पहिल्या चार दिवसांत दोनशे कोटी येनहून जास्त गल्ला जमला. अमेरिकेत मात्र वितरकाने रीतसर ट्रेलर काढला. ज्यांना जपानी प्रेक्षकांसारखं कोऱ्या मनाने बसायचं होतं, त्यांनी तो पाहायलाच नको होता. अर्थात हा डाव मियाझाकींच्या नावावर चालतो. नवख्या दिग्दर्शकाने करून पाहावा असा नाही.

तारीख आणि भाषा न तपासणं

जपानी ट्रेलरवरची तारीख जपानची असते. ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ तिकडे १८ जुलै २०२५ ला आला, भारतात १२ सप्टेंबरला. मधले आठ आठवडे स्पॉयलर चुकवत फिरायचं. शिवाय हिंदी डबच्या ट्रेलरमधला आवाज कानाला खटकला म्हणून बेत रद्द करू नका. तिकीट काढताना शोपुढे कोणती भाषा लिहिली आहे ते बघा, मूळ जपानी आणि सबटायटल्स असा शो बहुधा मिळतो. मराठी डब मात्र अजून दूरची गोष्ट.

आणि एक, सध्या फारच बोकाळलेलं: एआयने केलेले किंवा जुन्या मालिकांचे तुकडे जोडलेले बनावट ट्रेलर. वर्णनात बारीक अक्षरात ‘कॉन्सेप्ट’ लिहिलेलं असतं. स्टुडिओच्या किंवा वितरकाच्या अधिकृत चॅनलवर तोच व्हिडिओ सापडला नाही, तर फॉरवर्ड करू नका.