वारसा चर्चमध्ये काम काढण्याआधी

छत गळतंय, गिलावा सुटलाय, वेदी पुढे घ्यायची आहे. धर्मग्राम (पॅरिश) समितीने कंत्राटदाराला बोलावण्याआधी चर्च कोणत्या नियमाखाली येतं ते पाहावं: केंद्राचं संरक्षित स्मारक, राज्याचं स्मारक की महापालिकेच्या वारसा यादीतली इमारत. मुंबईत श्रेणी १ असेल तर आत-बाहेर कुठेही, इमारत टिकवण्यासाठी अत्यावश्यक तेवढेच बदल मंजूर होतात. श्रेणी २-अ मध्ये काटेकोर छाननीनंतर आतले बदल करता येतात.

चर्च स्वतः स्मारक नसलं तरी शेजारी असू शकतं. केंद्राच्या स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर विनियमित. मोजणी स्मारकाच्या भिंतीपासून नाही, हद्दीपासून होते. चूक इथेच होते. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी मात्र सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो, म्हणून सणाच्या तोंडावर अर्ज करू नका. काही महिने हाताशी ठेवा. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता धर्मस्वातंत्र्याचं. ‘आमचा हक्क आहे’ एवढं लिहून अर्ज पुढे सरकत नाही. संविधानाच्या कलम २६ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत: धर्माच्या बाबी स्वतः चालवण्याचा हक्क, आणि मालमत्तेचं व्यवस्थापन ‘कायद्यानुसार’ करण्याचा हक्क. उपासना पहिल्यात येते, कौलं आणि भिंती दुसऱ्यात. अर्जातही हे दोन भाग वेगळे मांडा.

वेदीचंच घ्या. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) अर्पण करू लागले आणि भिंतीलगतच्या जुन्या वेदीपुढे दुसरी वेदी हवी झाली. ही गरज उपासनेची आहे. ती धर्मप्रांताच्या पत्रासह स्पष्ट लिहा. पण त्यासाठी जुनी कोरीव वेदी कापायची किंवा फरशी फोडायची गरज नसते. जमिनीला न जखडलेली लाकडी वेदी पुढे ठेवा, आणि नकाशात ‘काढता येण्याजोगी’ असं लिहा. मूळ वस्तूला धक्का लागत नाही म्हटल्यावर मंजुरी देणाऱ्या वारसा समितीचा आक्षेप बराच कमी होतो.

केंद्रीय स्मारकात सभा, मेजवानी, मनोरंजनासाठी परवानगी लागते. मान्य धार्मिक रूढीनुसार होणारे कार्यक्रम १९५९ च्या नियमांनी त्यातून वगळलेत. ही रूढी सिद्ध करायला जुन्या सणांच्या नोंदवह्या, पत्रिका, तारखेसह फोटो जपून ठेवा. लग्नाची मिस्सा रूढीत येते, त्यानंतरचं जेवण मेजवानीत; दोन्ही एकाच अर्जात घालू नका.

गिलाव्याबाबत तडजोड नको. जांभ्याच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, क्षार दगडात साठतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, दगडाचा थर घेऊनच. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकात काढला गेला, आणि उघडा जांभा आज पावसात झिजतोय. मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग घ्या. आधी भिंतीच्या कोपऱ्यात हातभर नमुना करा, तीन-चार आठवडे ओला ठेवून पाहा आणि त्याचे फोटो अर्जाला जोडा.