खेड्यातल्या घरात एकट्यानं प्रोग रॉकचा अल्बम कसा रेकॉर्ड करायचा

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांब रचनांचा, मात्रा बदलत जाणारा रॉक. त्याचा अल्बम एकट्यानं करायचा म्हणजे ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, गाणं सगळं आपलंच. माइक कोणता घेऊ, हे मला लोक आधी विचारतात. माझं म्हणणं, आधी मोजणी पक्की करा. चौघांचा बँड एकमेकांकडे पाहून सम गाठतो. एकट्याला पाहायला कोणी नसतं. बेस धरला की साथीला असतो तो गेल्या आठवड्यात वाजवून ठेवलेला ड्रम.

आमच्या यवतमाळकडे तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकत पोरं मोठी होतात. भजनी मंडळात बसलेल्याला सेव्हन-एट, म्हणजे सात मात्रांचा ठेका, अवघड नाही. रूपक आठवा : तीं तीं ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन. रॉकमध्ये हेच बरेचदा दोन-दोन-तीन असं येतं. गिटार बाजूला ठेवा, मांडीवर हात मारत बोल म्हणा, जीभ अडखळेनाशी झाली की मगच तारांना हात लावा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. गिटार सातात ठेवा आणि ड्रम सरळ आठात. दोघं एकदम निघाले की 56 मात्रा संपल्यावरच पुन्हा एका समेवर येतात. तोवर गिटारची 8 आवर्तनं झालेली असतात, ड्रमची 7. ती सम वहीत खूण करून ठेवा आणि पुढचा भाग तिथूनच उचला. ऐकणारा मात्रा मोजत नसतो, तरी अंगावर काटा येतो.

लांब रचना असेल तर वहीत प्रत्येक भागाची मात्रा, लय, पट्टी आणि आवर्तनं लिहा. तेच आकडे रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या टेम्पो मॅपमध्ये, म्हणजे भागाभागाची लय भरायच्या जागी, भरा (ते 60 दिवस फुकट वापरून पाहता येतं). क्लिकवर, म्हणजे लय मोजणाऱ्या टकटकीवर, एक कच्ची गिटार टाका, मग ड्रम, बेस, बाकीचं, गाणं शेवटी. प्रत्येक भाग दोन आवर्तनं आधीपासून वाजवायला घ्या आणि संपल्यावर सूर पूर्ण विरू द्या, म्हणजे जोड कळत नाही. ड्रमसेट नसेल तर मिडी पॅडवर (कॉम्प्युटरला जोडून ड्रमचे आवाज काढायची बटणं) बोटांनी वाजवा आणि वरून खरी खंजिरी माइकवर घ्या. त्यानं यंत्राचा कोरडेपणा जातो.

खोलीच्या बाबतीत आपण नशीबवान. वेचणीनंतर भाव वाढेस्तोवर कापूस घरातच असतो, आणि घुमारा शोषायला त्याच्यासारखं काही नाही. गाताना पाठ कापसाकडे करा, तोंड माइककडे. कार्डिऑइड जातीचा माइक मुख्यतः समोरचं ऐकतो, त्यामुळे तुमच्या मागची भिंत महत्त्वाची. त्या खोलीत फक्त माइकची वायर न्या. लॅपटॉप, अॅम्प, एक्स्टेंशन बोर्ड सगळं ओसरीत. कापसाजवळ ठिणगीचा धोका कधीच पत्करू नका. खाज सुटते म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. कापूस विकला गेला की दोरीवर गोधड्या.

दिवाळी ते होळी हा खरा हंगाम. पावसाळ्यात टिनावर सर आली की काहीच रेकॉर्ड होत नाही, उन्हाळ्यात कूलर बंद करून बसवत नाही. माय विचारतेच, "पंखा काहून बंद केला रे?"

गिटारमध्ये घरघर येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. गेली तर दोष चार्जरच्या वाटेनं येतोय. नाही गेली तर गिटार धरून जागेवर हळूहळू वळा. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारी एकेरी गुंडाळी) असेल तर एका दिशेला घरघर कमी होते, तिथंच बसून वाजवा. अर्थिंगची पिन मात्र कापू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका, जुनं झालं असेल तर वायरमनला दाखवा.

सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचा दर्जा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवा. सगळ्यात जोराचा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास (शून्यावर गेला की आवाज फाटतो). बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा; लहान असला की वाजवलेलं उशिरा ऐकू येत नाही, मोठा असला की कॉम्प्युटरवर ताण कमी. वाजवताना तो 128, मिक्स करताना 1024.

मिक्समध्ये सगळं एकाच जोरात दाबू नका. स्पॉटिफाय साधारण उणे 14 एलयूएफएसला (गाणं कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आवाज आणून ठेवतं, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथं खालीच येतं आणि हळू भागांचा जीव मात्र गेलेला असतो. हळू भाग हळूच राहू द्या. मिक्स झाल्यावर ट्रॅक्टरच्या स्पीकरवर लावा. तिथं बेसची ओळ ऐकू आली नाही तर बेसमध्ये 100 ते 200 हर्ट्झचा भाग थोडा वाढवा आणि पुन्हा ऐका.