मंत्रिपदाआधीची वीस वर्षं

इंग्लंडमध्ये कायदा शिकायला आलेले आपल्याकडचे विद्यार्थी भेटले की बोलणं लवकरच मोठ्या नावांवर येतं. वकिलीतून राजकारणात कसं जातात, मंत्री कसं होतात, हे त्यांना हवं असतं. मी त्यांना ब्रिटनच्या पहिल्या महिला अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागार, पॅट्रिशिया स्कॉटलंड यांच्याबद्दल सांगते आणि सुरुवात मंत्रिपदाच्या आधीच्या वीस वर्षांपासून करते. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात ज्युनिअर म्हणून काम करून मी इथे आले. आजही पोटगी, मुलांचा ताबा, घरातली मारहाण हेच माझं रोजचं काम आहे. म्हणून त्यांची वाट मला जवळची वाटते.

त्यांचा जन्म 1955 मध्ये कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर झाला. बारा भावंडांत त्या दहाव्या. लहानपणीच घर लंडनच्या वॉल्थमस्टो भागात आलं. ऑक्सफर्ड-केंब्रिज त्यांच्या वाट्याला आलं नाही. चेम्सफर्डच्या मिड-एसेक्स टेक्निकल कॉलेजात शिकून त्यांनी लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि 1977 मध्ये बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांपैकी एक असलेल्या मिडल टेंपलमधून त्या बॅरिस्टर, म्हणजे न्यायालयात बाजू मांडणाऱ्या वकील, झाल्या. 1991 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्या क्वीन्स कौन्सेल, म्हणजे मानाचं पद मिळालेल्या ज्येष्ठ वकील, झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

यातली चौदा वर्षं मला महत्त्वाची वाटतात. कौटुंबिक आणि मुलांसंबंधीचे खटले हे त्यांचं मुख्य काम होतं. व्यापारी खटल्यांइतका पैसा या कामात नाही, इथेही नाही आणि पुण्यातही नाही. पण कायदा माणसाच्या घरात शिरल्यावर कुठे अडतो, हे इथे रोज दिसतं.

1997 मध्ये लेबर पक्षाचं सरकार आलं आणि त्यांना हाऊस ऑफ लॉर्ड्सचं आजीव सदस्यत्व मिळालं. ब्रिटनमध्ये मंत्री हा प्रथेने दोनपैकी एका सभागृहाचा सदस्य असतो आणि लॉर्ड्सचे सदस्य निवडून येत नाहीत. म्हणजे मतदारसंघ न बांधताही वकिलाला सरकारात जाता येतं; मात्र बोलावणं यावं असं काम गाठीशी लागतं. 1999 मध्ये त्या परराष्ट्र खात्यात, 2001 मध्ये न्यायालयांचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड चॅन्सलरच्या खात्यात आणि 2003 मध्ये गृहखात्यात मंत्री झाल्या.

गृहखात्यात असताना त्यांनी लॉर्ड्समध्ये कौटुंबिक हिंसाचाराचं विधेयक मांडलं आणि 2004 मध्ये त्याचा कायदा झाला. नव्या वकिलांनी हा कायदा जरूर वाचावा. त्याआधी मारहाण करणाऱ्याला दूर ठेवण्याचा न्यायालयाचा आदेश मोडला गेला, तर बाईला बहुतेक वेळा पुन्हा दिवाणी न्यायालयातच जावं लागे, अवमानाचा अर्ज घेऊन. आदेशाला अटकेचा अधिकार मुद्दाम जोडलेला असेल तरच पोलीस थेट पकडू शकत. 2004 च्या कायद्याने आदेश मोडणं हाच फौजदारी गुन्हा ठरवला, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. आपल्याकडे 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 31 मध्ये हाच विचार आहे. रात्री अकरा वाजता दार ठोठावणाऱ्या नवऱ्यासमोर या दोन व्यवस्थांत किती फरक पडतो, ते अशिलाशेजारी बसलेल्या वकिलाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच कायद्याचं कलम 5 याहून अवघड प्रश्नाला हात घालतं. घरात मूल दगावतं, घरात दोनच मोठी माणसं, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि नेमकं कुणी मारलं हे सिद्ध न झाल्याने दोघंही सुटतात. धोका दिसत असूनही मुलाला वाचवण्यासाठी शक्य ते न करणाऱ्यालाही या कलमाने गुन्हेगार ठरवलं. असा कायदा पुढे न्यायचा, तर मुलांचे खटले जवळून पाहिलेलं माणूस हवं, असं माझं ठाम मत आहे.

2007 मध्ये त्या अ‍ॅटर्नी जनरल झाल्या. या जुन्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. सरकारला कायद्याचा सल्ला देणं आणि सरकारी अभियोक्त्यांच्या यंत्रणेवर देखरेख ठेवणं, अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी 2010 पर्यंत सांभाळली. 2009 मध्ये त्यांना 5000 पौंडांचा दंडही झाला: घरकामाला ठेवलेल्या बाईंना इथे काम करण्याचा हक्क नव्हता आणि तपासलेल्या कागदांच्या प्रती जपून ठेवलेल्या नव्हत्या. तो नियम ज्या कायद्यातला, तो मंजूर झाला तेव्हा त्या स्वतः गृहखात्यात मंत्री होत्या. परदेशी विद्यार्थ्यांनी व्हिसाच्या आणि कामाच्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवावी, हे मी या प्रसंगाचा दाखला देऊनच सांगते.

आता तुमच्या वाटेबद्दल. भारतात सनद घेतलेल्यांना सॉलिसिटर, म्हणजे अशिलाला सल्ला देणारे आणि त्याचं कायदेशीर काम पाहणारे वकील, होण्यासाठी एसक्यूई या पात्रता परीक्षेचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात 360 बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात प्रत्यक्ष कौशल्यं. पात्र परदेशी वकिलांना दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट लागू नाही, आणि ही सवलत मोठी आहे. बॅरिस्टर व्हायचं असेल तर लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल किंवा ग्रेज इन यांपैकी एकाचं सदस्यत्व घेऊन बारचा अभ्यासक्रम करावा लागतो. ग्रेज इन हे नाव आपल्या घरांत बाबासाहेबांमुळे ओळखीचं आहे. खरी चुरस असते ती त्यानंतरच्या वर्षभराच्या प्युपिलेजसाठी, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालच्या उमेदवारीसाठी. या संस्थांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज साधारणपणे अभ्यासक्रमाच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, तेव्हा त्या तारखा उन्हाळ्यातच पाहून ठेवा.

कौटुंबिक न्यायालयांची सुनावणी इथे बहुधा बंद दाराआड चालते, त्यामुळे विद्यार्थ्याला सहज बसता येत नाही. मॅजिस्ट्रेट कोर्ट आणि क्राउन कोर्ट ही फौजदारी न्यायालयं मात्र खुली असतात. आदेश मोडल्याचे खटले तिथेच ऐकायला मिळतात. आणि संसदेच्या कामकाजाच्या नोंदींत डिसेंबर 2003 पासूनची लॉर्ड्समधली या विधेयकाची चर्चा काढून वाचा. एकेका दुरुस्तीवर स्कॉटलंड यांनी दिलेली उत्तरं वाचताना कलम 5 चे शब्द तसेच का आहेत, ते नीट उलगडत जातं.