बोधचिन्हाआधी चाके पाहावीत

पुण्यात महागड्या गाड्या पाहण्याचा छंद जोपासायचा असेल, तर रविवारी सकाळी आठच्या आत कोरेगाव पार्कचा नॉर्थ मेन रोड गाठावा. उन्हे चढून वर्दळ वाढली की असे गाडीमालक आपली गाडी सहसा बाहेर काढत नाहीत.

गाडी दिसताच नजर बोधचिन्हाकडे जाते. नवशिक्यांची फसगत इथेच होते, कारण बोधचिन्ह बाजारात सुटे मिळते. मर्सिडीजच्या ‘एएमजी लाइन’ आणि बीएमडब्ल्यूच्या ‘एम स्पोर्ट’ गाड्यांना साज स्पोर्ट्स कारचा असला, तरी इंजिन नेहमीचेच असते. म्हणून चाकांच्या आरांमधून आत पाहावे: ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्यांना धरणारे जाडजूड कॅलिपर हुबेहूब नक्कल करण्याइतके स्वस्त नसतात. बीएमडब्ल्यूची अस्सल ‘एम ३’ असेल तर मागे धुराची चार गोल नळकांडी दिसतात. नुसता मर्सिडीजचा तारा पाहून पुणेकराने हुरळून जाऊ नये. त्या गाड्या जोडण्याचा कारखाना चाकणलाच आहे. त्यापेक्षा नागमोडी नक्षीचे आवरण चढवलेली, लाल पाटीवर पांढरे आकडे असलेली गाडी दिसली तर थांबावे, कारण ती बहुधा बाजारात न आलेली, चाचणीवरची गाडी असते.

आवाजावरून ओळखण्याचा सराव मात्र जपून करावा. लॅम्बोर्गिनी हुराकान आणि ऑडी आर ८ या दोन्हींत ५.२ लिटरचे, दहा सिलिंडरचे एकाच घराण्यातले इंजिन असल्याने डोळे मिटून पैज लावणारे हरतात. पोर्शे ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे ती समोरून निघून गेल्यावरच तिचा खरा सूर ऐकू येतो. छायाचित्र पदपथावरूनच घ्यावे, शटर १/६० सेकंदाच्या आसपास ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवावा आणि चित्र कोणाला पाठवण्यापूर्वी क्रमांक झाकावा.

गप्पा कसरतींवर आल्या की सांगणाऱ्याला आधी विचारावे, इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना जाते. ड्रिफ्टमध्ये, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत नेण्याच्या कसरतीत, मागचे टायर पकड सोडतात, चालक स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने वळवतो आणि ॲक्सिलरेटर कमीजास्त करून ती घसरण टिकवून धरतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक ओढून मागची बाजू क्षणभर फिरते, पण टिकत नाही. ज्या गाडीत हँडब्रेकच्या जागी बटण आहे, तिच्यात हँडब्रेक ओढून गाडी गर्रकन फिरवल्याची कथा सांगणाऱ्याचे म्हणणे हसून सोडून द्यावे. सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली आणि धोकादायक चालवणे कलम १८४ खाली गुन्हा आहे. हौस भागवायची असेल तर कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेसारखा बंदिस्त ट्रॅक गाठावा लागतो. तिथे जाऊन आल्याचे कोणी सांगितले, तर वाद न घालता त्याच्या गाडीचे मागचे टायर पाहावेत: कडा झिजून त्यांवर वितळलेल्या रबराचे कण चिकटलेले असतील, तर पुढचे ऐकायला बसावे.