मूरांचा इतिहास डोक्यात बसत नाहीये? पाच रंगीत पेन्सिली घ्या

स्पेनमधल्या मुस्लिम राजवटीबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या पन्नास पानांतच माणूस गार होतो, निदान मी तरी झालो होतो. राजांची यादी पाठ करायला बसलो, अब्दुर रहमान पहिला, दुसरा, तिसरा, मधेच हिशाम, मग हकम, परत हकम, आठवड्याभरात कोण कुणाचा आजा तेच कळेना. शेवटी यादी दिली ठेवून आणि एकच इमारत धरली, दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातली मोठी मशीद. तीच पद्धत सांगतो. प्रत्यक्ष जाता आलं तर भारीच, पण नेटवरचा फ्लोअर प्लॅन आणि फोटो यावरही मस्त जमतं.

आधी एक शब्द साफ करून घ्या. स्पेनमधल्या या मुस्लिमांना 'मूर' म्हणतात, पण ते स्वतःला तसं म्हणत नव्हते. रोमन लोक वायव्य आफ्रिकेला मॉरेतानिया म्हणायचे, त्यावरून बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाव ते. त्यांच्या राज्यात बघाल तर अरब आहेत, बर्बर (उत्तर आफ्रिकेतले मूळचे लोक) आहेत, धर्मांतर केलेले स्थानिक आहेत, शिवाय ख्रिश्चन आणि ज्यू, आणि अरब-बर्बर भांडणं तर सुरुवातीपासूनच. त्यामुळे 'मूरांनी अमुक केलं' असं वाक्य दिसलं की लगेच विचारायचं, कुठल्या?

आता मशिदीच्या प्लॅनची प्रिंट काढा. ही मशीद टप्प्याटप्प्याने वाढत गेली, ज्याने जो भाग बांधला त्याला एक रंग द्यायचा. पहिली पेन्सिल अब्दुर रहमान पहिल्याची. ७११ मध्ये तारिक हा मुस्लिम सेनापती आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आला (जिब्राल्टर म्हणजे जबल तारिक, तारिकचा डोंगर), पण हा त्यानंतरचा. याचं उमय्या घराणं दमास्कसहून मुस्लिम साम्राज्यावर राज्य करायचं, ते अब्बासी या दुसऱ्या घराण्याने कापून काढलं, हा दमास्कसकडून पळत पळत पार स्पेनला पोचला आणि ७५६ मध्ये कोर्दोबाचा अमीर, म्हणजे राज्यकर्ता झाला. मशिदीचं काम ७८५ च्या सुमारास सुरू झालं. या भागातले खांब झूम करून बघा, एक गुळगुळीत, दुसऱ्यावर पन्हळी, वरची नक्षी एकाची एकाला जुळत नाही, कारण बरेचसे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांच्या आधी इथे राज्य करणारे) इमारतींतून उचलून आणलेत. बरं, ते बुटके, छत तर उंच हवं, मग करायचं काय? कमानीवर कमान! खालची घोड्याच्या नालासारखी, वरची अर्धगोल, आणि त्यात लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून. जगभर ज्याचे फोटो फिरतात ती गोष्ट मुळात अशी जुगाडातून आलीये, मला हे कळलं तेव्हा फार आवडलं.

दुसरी पेन्सिल अब्दुर रहमान दुसऱ्याची, नवव्या शतकात दक्षिणेकडे वाढवलेला पट्टा, तो रंगवा आणि पुढे चला. तिसरी मात्र हळू फिरवा, ती हकम दुसऱ्याची. याच्या बापाने, अब्दुर रहमान तिसऱ्याने, ९२९ मध्ये स्वतःला खलिफा, म्हणजे सगळ्या मुस्लिमांचा प्रमुख, जाहीर केलं होतं, म्हणजे बगदादच्या अब्बासी खलिफाला सरळ आव्हान, आणि त्या ऐटीतला पैसा इथे दिसतो. आता खांब उसने नाहीत, मुद्दाम घडवलेले, एक निळसर काळा, एक गुलाबी, असे ओळीने. मिहराबभोवती (नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) सोनेरी काचेचं मोझेक, त्यासाठी बायझंटाइन सम्राटाकडून कारागीर आणि काचेचे तुकडे आले होते. तिथल्या भिंतीवरच्या लेखात हिजरी, म्हणजे इस्लामी सनातलं, ३५४ सापडतं, अशा वर्षाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे, आलं इसवी सन ९६५. एवढं एक गणित लक्षात ठेवा, फार कामाला येतं.

चौथी पेन्सिल अल-मन्सूरची. खलिफा पोरगा होता, खरी सत्ता या वजिराच्या हातात. ९८७ मध्ये त्याने मशीद वाढवायला घेतली, पण दक्षिणेला नदी आणि पश्चिमेला राजवाडा, म्हणून पूर्वेकडे आठ रांगा जोडल्या आणि मिहराब मधोमध राहिलाच नाही. इथल्या कमानींचे लाल पट्टे नीट बघा, वीट नाही, दगडावर नुसता रंग मारलाय! आकार सगळ्यात मोठा आणि काम घाईचं. याच माणसाने ९९७ मध्ये उत्तरेकडच्या सांतियागो या ख्रिश्चन तीर्थक्षेत्रावर धाड घातली आणि तिथल्या चर्चच्या घंटा कोर्दोबाला आणल्या, १२३६ मध्ये फर्नांदो तिसरा या ख्रिश्चन राजाने कोर्दोबा घेतल्यावर त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या असं जुने इतिहासकार लिहून गेलेत.

आता मुद्द्याचा प्रश्न, ९८७ नंतर मशीद वाढलीच नाही, का? इथून तुम्हाला पुढचा इतिहास आपोआप शोधावासा वाटेल. १००९ पासून यादवी, १०३१ मध्ये खिलाफत संपली, छोट्या छोट्या राज्यांत फुटली, त्यांना एकमेकांशी भांडायला उत्तरेकडच्या ख्रिश्चन राजांची मदत लागायची, तीही खंडणी देऊन. १०८५ ला तोलेदो शहर ख्रिश्चनांकडे गेलं तेव्हा घाबरून मोरोक्कोहून अल्मोराविद हे बर्बर राज्यकर्ते बोलावले, आणि आलेल्यांनी बोलावणाऱ्यांचीच राज्यं गिळली. नंतर तिकडूनच दुसरं बर्बर घराणं आलं, अल्मोहाद. 'सगळे धर्म किती गुण्यागोविंदाने नांदत होते' असं कुणी सांगायला लागलं तर कोर्दोबातच जन्मलेल्या मायमोनिडीस या तत्त्वज्ञाच्या ज्यू कुटुंबाला या अल्मोहादांच्या काळात शहर का सोडावं लागलं ते विचारा. आणि 'नुसता जुलूम' म्हणणाऱ्याला त्याच शहरातला तत्त्वज्ञ इब्न रुश्द दाखवा, त्याची ॲरिस्टॉटलवरची भाष्यं युरोपातल्या विद्यापीठांनी कितीतरी वर्षं वाचली.

पाचवी पेन्सिल काळी, मशिदीच्या पोटात उभं केलेलं कॅथेड्रल. नगरपालिकेचा विरोध असताना स्पेनच्या राजाने, चार्ल्स पाचव्याने, परवानगी दिली आणि १५२३ मध्ये काम सुरू झालं.

हे जमलं की दुसरी प्रिंट ग्रानादा शहरातल्या अल्हाम्ब्राची, स्पेनमधल्या शेवटच्या मुस्लिम घराण्याच्या राजवाड्याची. इथे संगमरवर कमी, गिलावा, लाकूड आणि टाइल्सच जास्त, पण हात काय बसलाय त्या लोकांचा! भिंतीभर एकच वाक्य दिसेल, 'अल्लाहशिवाय विजेता कोणी नाही', आणि हे घराणं उभं करणाऱ्या मुहम्मद पहिल्याने सेबिया (सेव्हिल) हे मुस्लिम शहर जिंकायला त्याच फर्नांदोला स्वतःचे घोडेस्वार दिले होते, १२४८ च्या आसपास. अशी जुळवून घेत घेत १४९२ पर्यंत टिकली ती गादी. प्लॅनमध्ये नाजूक महालांना खेटून एक भलामोठा चौकोन आणि त्यात गोल अंगण दिसेल, तो चार्ल्सचा राजवाडा, तोच कॅथेड्रलवाला. काळी पेन्सिल परत काढा.