शेक घेऊन आलेल्या माणसाशी घरात कसं वागावं

खारघरला ‘टाटा’ कॅन्सर रुग्णालयात शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू झाला की बाहेरगावचा पेशंट बऱ्याचदा नवी मुंबईतल्या नातेवाइकाकडे उतरतो. आमच्याकडे आत्या उतरली. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंनी दारात हळूच विचारलं, "तिची कपबशी वेगळी ठेवता ना?" आत्या आतून ऐकत होती.

म्हणून पहिलं काम: डॉक्टरांना विचारा, किरण यंत्रातून बाहेरून देताय की किरणोत्सर्गी औषध पोटात किंवा शिरेतून देताय? घरातलं सगळं वागणं या उत्तरावर ठरतं.

बाहेरून असेल, तर कपबशी वेगळी नको. लोक याला ‘लाईट देणं’ म्हणतात ते बरोबरच आहे. बटण बंद केलं की उजेड भिंतीत साठून राहत नाही, तसे किरणही अंगात उरत नाहीत. नातवंडाला मांडीवर घेऊ द्या, गरोदर सुनेलाही जवळ बसू द्या.

जपायचं ते त्वचेला. अंगावर शाईने काढलेल्या खुणा घासून पुसू नका. शेक साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे चालतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या जागी लाली, खाज सुरू होते. तिथे हळद, खोबरेल, पावडर काही लावायचं तर आधी विचारून. नावात शेक असला तरी गरम पाण्याची पिशवी नको आणि बर्फही नको. सैल सुती कपडे घाला. तोंडा-गळ्याला शेक असेल तर तोंड कोरडं पडतं, गिळताना दुखतं. अशा वेळी मऊ भात, पेज, कोमट वरण द्या, तिखट-आंबट बंद. थकवा येतो, तो आळस नव्हे. हार्बर लोकलने गर्दीत उभं राहून नेऊ नका. परवडत असेल तर रिक्षा बरी.

थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ दिलं असेल तर मात्र वेगळेपणा खरोखर लागतो, पण मोजका. या आयोडीनची ताकद दर ८ दिवसांनी निम्मी होते आणि बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळं अंथरूण, लहान मुलं आणि गरोदर बाईपासून अंतर, कपडे-भांडी वेगळी धुणं, संडासात दोनदा पाणी सोडणं. ती शेवटची तारीख कालनिर्णयवर गोल करून ठेवा. बोन स्कॅनसाठी, म्हणजे हाडांच्या तपासणीसाठी, शिरेतून देतात त्या किरणोत्सर्गी टेक्नेशियमची ताकद तर ६ तासांत अर्धी होते. भरपूर पाणी आणि त्या दिवसापुरतं बाळ दूर, एवढं पुरतं.

सोसायटीत कुजबुज झाली तर टाळू नका, सांगून टाका. नुसती भीती कुठवर जाते बघा. १९८७ साली ब्राझीलच्या गोयानियात भंगारात गेलेल्या उपचार-यंत्रातली किरणोत्सर्गी सीझियमची डबी फुटली. चार माणसं गेली. लाखाहून जास्त लोकांची तपासणी झाली, दूषित निघाले अडीचशेच्या आसपास. तरी बाहेरगावची हॉटेलं त्या शहरातल्या धडधाकट माणसालाही खोली देईनात. हिरोशिमातून वाचलेल्यांची लग्नं अडली, ती अशाच भीतीने.

मी काकूंना घरात बोलावलं आणि चहा आत्याला करायला सांगितला. काकूंनी कप हातात घेतला, जरा थांबल्या, मग प्यायल्या. साखर कमी आहे म्हणाल्या.